वहीत न लिहिलेला आकडा

गरोदरपणाचा बत्तिसावा आठवडा चालू असलेली एक वाचक लिहिते: रक्तात सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारं प्रथिन) वाढलेला आला. लॅबमध्ये काम करणारी नणंद म्हणते, अंगात सूज आहे, तपासणी परत कर. नवरा म्हणतो, काही गरज नाही. रोज वाद. ताई, मी कोणाचं ऐकू?

कोणाचंच नको. तुझ्या तीन पानी पत्रात तू एक ओळ जाता जाता लिहिलीस: "घरी बीपी जास्त आलं की जरा पडून परत घेते, चांगला येईल तो आकडा वहीत लिहिते. परवा आधी १५२/९८ होतं."

अगं, ती बीपीची वही आहे की प्रगतिपुस्तक?

सीआरपीचं आधी उरकते. गरोदरपणात तो थोडा वाढतोच, पांढऱ्या पेशीही वाढतात, ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, तर चढलेलाच असतो. नणंद म्हणते ती सूज म्हणजे रक्ततपासणीत दिसणारा शरीरातला दाह, पायांवर दिसते ती वेगळी. मराठीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून घरभर घोळ. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार, झालेल्या बायकांमध्ये हे आकडे सरासरीने जास्त दिसतात, हे खरं. पण साध्या संसर्गानेही सीआरपी वर जातो, त्यावरून तुझ्या एकटीचं निदान होत नाही.

निदानाची सुरुवात होते बीपीपासून. विसाव्या आठवड्यानंतर ते १४०/९० किंवा वर राहिलं, की डॉक्टर लघवीतली प्रथिनं, प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड सगळं तपासतात. आणि नेमका तोच आकडा तू त्यांच्यापासून लपवतेस! मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, दोन-तीनदा मोजावं, सगळं मान्य. पण लिहायचे सगळे आकडे. कमी आलेला तेवढा खरा आणि जास्त आलेला मशीनचा दोष, असं नसतं.

तुला भीती वाटते, ते कळतं मला. पण प्रीएक्लॅम्प्सिया वारेशी, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाशी, जोडलेला असतो; तू रागावलीस, काळजी केलीस म्हणून तो होत नाही. मग लपवायचं कशासाठी?

पत्र वाचून झालं की लगेच डॉक्टरांना फोन कर, परवाचा १५२/९८ सांग आणि आजच तपासून घे. डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बीपी १६०/११० ला टेकलं असेल, तर फोनही नको, थेट हॉस्पिटल गाठ. नवऱ्याला सोबत ने. नणंदेशी वाद काय, बाळ झाल्यावरही घालता येईल.