डोंगर फोडायला किती लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्र म्हणतो की अ‍ॅनिमे-कॉमिक्समधल्या पात्रांची विध्वंसशक्ती टन टीएनटीमध्ये (टीएनटी म्हणजे एक स्फोटक) मोजता येते आणि कोण कोणाला हरवेल ते त्या आकड्यावरून ठरतं. तुम्हाला या सगळ्या थापा वाटतात. यात काही शास्त्र आहे का?

तुमच्या मित्राचं गणित बहुतेक बरोबर असेल. त्यावरून तो जो निकाल लावतो, तिथे घोळ आहे.

मी काही अ‍ॅनिमेवाला नाही. उमरेडकडच्या एका खुल्या कोळसा खाणीत एकवीस वर्षं ब्लास्टिंग केलं, म्हणजे दगड फोडायचाच पगार घेतला. या भानगडीत मला भाच्याने ओढलं. रविवारी सकाळी नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खात होतो. तो आणि त्याचा दोस्त तुमच्यासारखेच भांडत होते. "मामा, तूच सांग आता, एक डोंगर उडवायला किती बारूद लागते? हा बे मानूनच नाही राहिला!"

त्याने मोबाइलवर तक्ता दाखवला. हे फॅन लोक तो सर्रास वापरतात. खडकाचे नुसते तुकडे पडले तर घनसेंटीमीटरला ८ ज्यूल, ठिकऱ्या उडाल्या तर ६९, पीठ झालं तर २१४ आणि वाफ झाली तर २५,७००. चित्रातला डोंगर मोजायचा, घनफळ काढायचं, यातल्या एका आकड्याने गुणायचं आणि ४.१८४ अब्जाने भागायचं, कारण एक टन टीएनटी म्हणजे तेवढे ज्यूल. मग उत्तराप्रमाणे पात्राला बिल्डिंग लेव्हल, सिटी लेव्हल, माउंटन लेव्हल, मून लेव्हल अशा पायरीवर बसवायचं. याला ते 'कॅल्क' म्हणतात आणि पात्राने केलेल्या पराक्रमाला 'फीट'.

खरं सांगतो, मला हे आवडलं. आमच्या वेळी "माझा हीरो भारी" म्हणून एकमेकांच्या कॉलरी धरायचो, ही पोरं निदान भागाकार तरी करतात. पण तो ८ ज्यूलचा आकडा मला टोचला. पोह्याच्या कागदाच्या मागे मी आमचा हिशेब मांडला.

कोळशावरचा दगड, ज्याला आम्ही ओबी म्हणतो, तो फोडायला आमच्याकडे घनमीटरला साधारण अर्धा किलो स्फोटक जातं. वालुकाश्म किती कडक आहे त्यावर कमीजास्त. याला पावडर फॅक्टर म्हणतात आणि तो जास्त आला की साहेब बोलावून घेतात. अमोनियम नायट्रेट आणि डिझेलच्या मिश्रणात किलोला ३८ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. अर्ध्या किलोत १९ लाख. घनमीटरात दहा लाख घनसेंटीमीटर. म्हणजे आले जेमतेम २ ज्यूल! पोरांच्या तक्त्याचा चौथा हिस्सा. त्यातलीही बरीचशी ऊर्जा जमीन हादरवण्यात, आवाजात आणि धुरात वाया जाते.

मग आम्ही कोणत्या अ‍ॅनिमेतले? कोणत्याच नाही. आम्ही दगडाला आतून फोडतो. ड्रिलने होल पाडायचे, तळाशी बारूद भरायची, वरून चुरा ठासून स्टेमिंग करायचं म्हणजे गॅस वर पळत नाही. समोर फ्री फेस (मोकळी बाजू) ठेवायचा, म्हणजे दगडाला सरकायला जागा मिळते. आणि सगळे होल एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या डिलेने ओळीने उडवायचे, म्हणजे पुढची रांग हलली की मागचीला वाट मोकळी. दगड दाबाला चिवट असतो पण ताणाला नाजूक. सगळी कारागिरी त्याला ताण बसवण्यात आहे.

हेच काम बाहेरून करून पाहा. ब्लास्टनंतर एखादा मोठा बोल्डर उरला तर त्यात छोटं होल मारून चिमूटभर बारूद पुरते. होल मारायला जागा नसेल तर काडतुसं वर ठेवून त्यावर माती थापायची आणि उडवायचं. याला प्लास्टर शूटिंग म्हणतात. त्याच बोल्डरला मग कितीतरी पट जास्त बारूद लागते, कारण बहुतेक जोर आकाशात जातो. तुमचं पात्र डोंगराला बुक्की मारतं तेव्हा ते प्लास्टर शूटिंगच करत असतं. म्हणजे तोच डोंगर, तेच तुकडे आणि ऊर्जेची उत्तरं अनेक. किती फुटलं यावरून किती लागलं हे एका आकड्यात सांगताच येत नाही.

(कंसात एक शंका. २१४ हा आकडा मला तरी कडक खडकाच्या दाबशक्तीचा वाटतो, म्हणजे मेगापास्कलमधला. एक मेगापास्कल म्हणजे घनसेंटीमीटरला एक ज्यूलच, एककं तंतोतंत जुळतात. पण दगड किती दाब सोसतो आणि फुटायला किती ऊर्जा खातो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असा दगड फुटण्याआधी जेमतेम अर्धा टक्का दबतो, त्यामुळे त्या क्षणी त्यात साठलेली ऊर्जा घनसेंटीमीटरला अर्ध्या ज्यूलच्या आसपासच निघते. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, इतकं डीप नको जाऊ.")

आता चित्रावरून मोजण्याबद्दल. हा पोरखेळ आहे असं समजू नका. १६ जुलै १९४५ ला अमेरिकेत पहिली अणुचाचणी झाली, तिची ताकद गुप्त होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी प्रसिद्ध झालेल्या फोटोंवरून ती काढली आणि १९५० साली छापली. आगीच्या गोळ्याची त्रिज्या, स्फोटानंतरची वेळ आणि हवेची घनता, बस, एवढंच. त्रिज्येचा पाचवा घात गुणिले घनता भागिले वेळेचा वर्ग. २५ मिलिसेकंदांना त्रिज्या सुमारे १३० मीटर धरा आणि स्वतः करून पाहा, १७ किलोटनच्या आसपास येतं. आज त्या स्फोटाचा आकडा २० ते २५ किलोटन धरतात. फोटोवरून काढलेल्या कॅल्कसाठी हे फारच छान.

पण टेलरच्या फोटोंवर मीटरची पट्टी होती आणि वेळ छापलेली होती. कॉमिक्सच्या चौकटीत दोन्ही नसतं. तिथे हीरोच्या उंचीवरून झाड, झाडावरून घर आणि घरावरून डोंगर असं मोजत जातात. त्रिज्या दुप्पट चुकली तर घनफळ आठपट चुकतं आणि टेलरच्या सूत्रात घातली तर बत्तीसपट. चित्रकाराने तो डोंगर डेडलाइनच्या आदल्या रात्री काढलेला असतो, त्याने कुठे फूटपट्टी लावलेली असते?

प्रत्यक्ष खड्डा समोर असला तरी काय होतं ते लोणारला बघा. आपल्या विदर्भातलंच उदाहरण, बेसाल्टमधलं उल्काविवर, व्यास १.८ किलोमीटर. तिथे जाऊन टेप लावता येते. तुलनेला नेवाडातला सेदान खड्डा घेऊ. १९६२ मध्ये १०४ किलोटनचा अणुबॉम्ब जमिनीत पुरून उडवला, व्यास ३९० मीटर आला. लोणार त्याच्या ४.६ पट रुंद. घन केला तर ९८ पट, म्हणजे सुमारे १० मेगाटन. पण मोठ्या खड्ड्यांना घनापेक्षा ३.४ वा घात जास्त जुळतो असंही मानतात. तो घेतला की १९ मेगाटन. शिवाय सेदान भुसभुशीत गाळात झाला आणि लोणार काळ्या पाषाणात, ते मी धरलंच नाही. खड्डा खरा, टेप खरी आणि तरी उत्तर दुप्पट हललं.

लोणारच्या कथेत विष्णूने लवणासुराला तिथे मारलं, गावात दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आहे. हे घरी सांगितलं तर भाच्याने विचारलं, मग विष्णूला कोणत्या लेव्हलला टाकायचं? ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला.

तरीही दुपटीची चूक काहीच नाही. खरी गंमत 'ड्रॅगन बॉल' या जपानी मालिकेतल्या कासव-गुरू म्हाताऱ्याची, रोशीची. आधी तो आग विझवायला म्हणून एक कामेहामेहा, म्हणजे हातातून ऊर्जेचा झोत, सोडतो आणि आगीबरोबर डोंगरच उडवून देतो. पुढे स्पर्धेत, गोकू हा पोरगा पौर्णिमेच्या चंद्रामुळे महावानर झालेला असताना, त्याच कामेहामेहाने चंद्र उडवतो. हिशेब करू. एक घनकिलोमीटरचा डोंगर, ८ ज्यूलने: सुमारे २ मेगाटन. चंद्राचं वेगळं आहे. दगड एकदा फुटला की फुटला, पण चंद्राचे तुकडे गुरुत्वाने परत गोळा होतात, त्यामुळे ते कायमचे लांब फेकायची ऊर्जा मोजावी लागते. ती येते सुमारे १.२ गुणिले १० चा २९ वा घात ज्यूल. पहिल्या आकड्याच्या साधारण १५ लाख कोटी पट. एकच म्हातारा, एकच तंत्र आणि दोन पराक्रमांत हा फरक! पृथ्वी आणि चंद्र यांच्यातही एवढा फरक नाही, पृथ्वी उधळायला चंद्राच्या फक्त दोनेक हजार पट लागतं.

फॅन म्हणतात, डोंगराच्या वेळी त्याने जोर आवरला होता. दुसरा गट म्हणतो, चंद्र हा आउटलायर, तो सोडून द्या. मला यातलं काहीच पटत नाही. लेखकाला त्या पानावर वानराचा परत पोरगा करायचा होता, पौर्णिमा घालवणं भाग होतं. चंद्र गेला तो कथेची गरज म्हणून. त्यात ज्यूल कुठेच नव्हते. त्याच मालिकेत पुढे ताकद मोजायचं यंत्र येतं, बंदूकवाला शेतकरी ५ आणि खलनायक फ्रीझा ५,३०,०००, आणि नंतर लेखकच ते आकडे गुंडाळून ठेवतो.

त्याहून वाईट प्रकार 'स्केलिंग'चा. अ ने ब ला हरवलं, ब ने एकदा चंद्र फोडला होता, म्हणून अ मून लेव्हल. आमच्या मोहल्ल्यात कॅरममध्ये मी एकदा जिल्हा खेळलेल्या माणसाला हरवलं होतं. त्याच्या बोटाला पट्टी होती. या न्यायाने मी जिल्हा लेव्हल.

या वादाचं सगळ्यात जुनं प्रकरण आपल्याकडे उद्योगपर्वात आहे. भीष्म दोन्ही बाजूंचे रथी, अतिरथी, महारथी मोजून सांगतो आणि कर्णाला म्हणतो अर्धरथी. कारणं काय देतो बघा: कवचकुंडलं गेली, परशुरामाचा शाप आहे. कर्णाचा बाण किती लांब जातो हे तो बोलतच नाही. कोणत्या अटींवर, कोणासमोर आणि ऐन वेळी काय आठवणार नाही, ते मोजतो. द्रोणाचार्य दुजोरा देतात, वर स्वभाव बेसावध म्हणतात, आणि कर्ण इतका भडकतो की भीष्म जिवंत असेपर्यंत लढणार नाही म्हणतो. टियर-लिस्टवरून रुसण्याची परंपरा एवढी जुनी.

आणि टन टीएनटी हे एकक फसवं आहे, ते मित्राला जरूर सांगा. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जळाल्यावर दीडशे किलो टीएनटीएवढी उष्णता निघते. आपण महिनाभर त्यावर चहा करतो. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच पूर्ण भाराने चालले तर नऊएक तासांत हिरोशिमाच्या बॉम्बएवढी ऊर्जा तारांतून पाठवतात, आणि नागपूर पंख्याखाली निवांत झोपतं. किती ऊर्जा हे विचारलं तर किती वेळात आणि किती जागेत हेही विचारावं लागतं. फॅन लोकांचे आकडे बहुतेक वेळा पहिल्यापाशीच थांबतात.

म्हणून तुमच्या भांडणापुरतं माझं मत: दोन पात्रांच्या आकड्यांत हजारपटीहून कमी फरक असेल तर ते बरोबरीचे समजा, कारण मोजण्यातली चूकच तेवढी असते. फरक लाखोंचा असेल तर कॅल्कवर विश्वास ठेवायला हरकत नाही, फक्त तो एका पानावरचा नसावा, तीनचार वेळा तसंच घडलेलं दिसलं पाहिजे. त्यानंतर भीष्माचे प्रश्न विचारा.

भाचा सध्या साबूच्या मागे लागलाय. चाचा चौधरीतल्या साबूला राग आला की ज्युपिटरवर ज्वालामुखी फुटतो. मी म्हटलं, गुरू ग्रहाला टणक जमीनच नाही, ज्वालामुखी आहेत ते त्याच्या आयो नावाच्या चंद्रावर. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग साबूला मून लेव्हलमध्ये टाकून मोकळा झाला. मी काही बोललो नाही. त्या दिवशी पोह्याचे पैसे त्याने दिले होते.