टीईच्या (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या) सेमिनारला ‘इमेज रेकग्निशन सिस्टीममधले सुरक्षा धोके’ हा विषय घेतलाय. कोणते मुद्दे घ्यावेत आणि स्लाइड्स किती असाव्यात?

मुद्द्यांची यादी करूच नका. हल्ल्यांचे प्रकार, फायदे, तोटे, फ्युचर स्कोप, थँक यू अशी पीपीटी तुमच्या आधीच्या प्रत्येक बॅचनं दिलेली आहे, आणि ती चालू असताना समोर बसलेले सरसुद्धा मोबाइल बघत असतात. एकच हल्ला घ्या आणि तो शेवटपर्यंत न्या. हल्ला करणारा कोण, त्याच्या हातात काय आहे, त्याला मिळणार काय, आणि त्याला अडवायचं तर किंमत काय मोजावी लागते. मिळालेल्या वेळेत एवढंच नीट होतं.

इतकं ठासून सांगतेय, कारण टीईला मी याच विषयावर सेमिनार दिला होता. तिथे एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, जे विचारलं त्याचं पूर्ण उत्तर मला तेव्हा देऊ दिलं गेलं नाही. ते इथे देते, तुमच्या कामाला येईल.

माझा बेस पेपर, म्हणजे ज्या शोधनिबंधावर सेमिनार बेतला तो, होता गूगलच्या संशोधकांचा, २०१७ चा, पॅचवरचा. एक गोल स्टिकर, त्यावर रंगांची वेडीवाकडी वळणं. टेबलावर केळं ठेवलं तर नेटवर्क, म्हणजे फोटोतली वस्तू ओळखायला शिकवलेलं मॉडेल, ‘केळं’ म्हणतं, शेजारी हा स्टिकर ठेवला की ‘टोस्टर’ म्हणतं. तो स्टिकर तयार कसा करतात हे समजून घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. हजारो वेगवेगळ्या फोटोंवर तो वेगवेगळ्या जागी, कोनांत आणि आकारांत चिकटवतात आणि प्रत्येक वेळी ‘टोस्टर’ हे उत्तर जवळ येईल अशा दिशेनं त्याचे पिक्सेल थोडे थोडे सरकवत नेतात. त्यामुळे स्टिकर बनवणाऱ्यानं तुमची खोली, तुमचं टेबल, तुमचं केळं कधी पाहिलेलं नसतं, तरी तो चालतो.

मला हे स्लाइडवर दाखवायचं नव्हतं, समोर करून दाखवायचं होतं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे साध्या कागदावर काढलेला प्रिंट फिका आला. रंग उतरले की नेटवर्क मुकाट्यानं केळंच म्हणायचं. मग फोटो स्टुडिओतून ग्लॉसी कागदावर काढून आणला, तर त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा चट्टा पडायला लागला. शेवटी मागच्या ट्यूब बंद करून, लॅपटॉप खिडकीकडे वळवून जमलं. मॉडेल व्हीजीजी-१६, तयार शिकवलेलं, कुणालाही डाउनलोड करता येतं ते. कॅमेरा हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा.

सेमिनारच्या दिवशी पहिल्याच झटक्यात स्क्रीनवरचं नाव बदललं. मागून शिट्ट्या आल्या. मी खूश होते, आणि व्हायलाच हवं होतं. एक्स्टर्नल सरांनी वर न बघता विचारलं, “मॉडेलची ॲक्युरसी किती?” मी सांगितलं, टॉप-५ (पहिल्या पाच अंदाजांत बरोबर उत्तर असणं) बाण्णव टक्क्यांच्या वर. “मग चांगलंच आहे की. आणि केळ्याचा टोस्टर झाला तर कुणाचं काय बिघडलं? कॅमेरा चांगला लावा.” मी बोलायला लागले तर हात वर करून, “नेक्स्ट.” गाइड मॅडम गप्प. शेऱ्यात आलं, ‘ॲप्लिकेशन दिसत नाही.’

आता सरांचं एकेक वाक्य घेते.

ॲक्युरसी. ती बाण्णव टक्के मोजली जाते अशा फोटोंवर, ज्यांच्यामागे कुणाचा काही डाव नसतो. त्यात उरलेल्या आठ टक्के चुका कशाही विखुरलेल्या असतात. हल्लेखोर फोटो असे कसेही उचलत नाही, तो नेमका चुकणारा फोटो शोधतो किंवा स्वतः बनवतो. वाड्याच्या दहा दारांपैकी नऊ दारांना कुलूप आहे म्हणून वाडा नव्वद टक्के सुरक्षित, असं कुणी म्हणेल का? चोर उघड्या दारानंच येणार. विश्वास बसत नसेल तर एमआयटीमधल्या मॅड्री आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा पेपर उघडा. सीफार-१० या डेटासेटवर साध्या पद्धतीनं शिकवलेलं नेटवर्क स्वच्छ फोटोंवर ९५ टक्के बरोबर, आणि डोळ्यांना जाणवणारही नाहीत इतके बारीक बदल करून हल्ला केला की ३.५ टक्के. त्याच हल्ल्यांना तोंड द्यायला शिकवलेलं नेटवर्क स्वच्छ फोटोंवर ८७, हल्ल्याखाली सुमारे ४६. म्हणजे ज्याची ॲक्युरसी कमी, तेच जास्त टिकलं. हे चार आकडे एका तक्त्यात घाला. तुमच्या अख्ख्या सेमिनारमध्ये यापेक्षा महत्त्वाची स्लाइड नसेल.

कॅमेरा चांगला लावा. माझ्या लॅपटॉपवर सेव्ह झालेल्या फोटोत केळं लख्ख दिसत होतं. कॅमेऱ्यानं त्याचं काम चोख केलं होतं, चूक झाली ती त्यानंतरच्या निर्णयात. शिवाय कितीही मेगापिक्सेल आणलेत तरी व्हीजीजीला फोटो देण्याआधी तो २२४ गुणिले २२४ पिक्सेल इतका लहान करावा लागतो. ही लहान करण्याची पायरीसुद्धा सुरक्षित नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी असे फोटो बनवून दाखवले, जे मूळ आकारात मेंढी दिसतात आणि लहान केले की लांडगा होतात. यात कॅमेऱ्याचा संबंध येतोच कुठे?

कुणाचं काय बिघडलं. २०१६ मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी चष्म्याच्या फ्रेमवर रंगीत नक्षी छापली. ती घातली की चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर माणसाला भलत्याच माणसाच्या नावानं ओळखायचं. २०१८ मध्ये ‘स्टॉप’च्या पाटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यावर ती ‘वेगमर्यादा ४५’ अशी वाचली गेली, प्रयोगशाळेत प्रत्येक वेळी आणि चालत्या गाडीतून घेतलेल्या व्हिडिओच्या जवळजवळ ८५ टक्के फ्रेम्समध्ये. २०२० मध्ये मॅकॅफी या सायबर सुरक्षा कंपनीच्या लोकांनी ३५ च्या पाटीवरच्या आकड्याला काळ्या टेपचा छोटा तुकडा लावला आणि २०१६ च्या टेस्लाच्या कॅमेऱ्यानं ८५ वाचलं. केळं मी घेतलं, कारण ते मेसमध्ये मिळतं आणि सेमिनार हॉलमध्ये गाडी आणता येत नाही. डेमोतली वस्तू आणि डेमोतला धोका यांतला फरक परीक्षकाला समजायलाच हवा, ते त्याचं काम आहे.

तुमच्या एक्स्टर्नलनी “प्रत्यक्षात हे चालत नाही” असं म्हटलं तर त्यालाही उत्तर आहे. २०१७ मध्ये एका गटानं खरोखरच पेपर लिहिला होता की गाडी पुढे सरकते तसं अंतर आणि कोन बदलत राहतात, म्हणून असल्या पाट्यांची काळजी नको. त्याच वर्षी एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी थ्रीडी प्रिंट केलेलं कासव आणलं. कुठल्याही बाजूनं फिरवलं तरी नेटवर्क जवळजवळ सारखं ‘रायफल’च म्हणत राहिलं. विद्यार्थ्यांनी, हे लक्षात ठेवा.

आता मी चेहऱ्यानं हजेरी लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते आणि रोज तेच ऐकते, “ॲक्युरसी किती?” एका बांधकामाच्या साइटवर गैरहजर मजुरांचे फोटो दुसऱ्या मोबाइलवर उघडून कॅमेऱ्यासमोर धरले जात होते आणि हजेरी लागत होती. गणित नाही, पॅच नाही. समोर जिवंत माणूस आहे की फोटो, हे तपासणारी पायरीच कुणी घेतली नव्हती, कारण विकत घेताना विचारलं होतं फक्त ॲक्युरसीबद्दल. मग घाईनं ती तपासणी इतकी कडक केली की उन्हात रापलेल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या खऱ्या माणसांची हजेरी लागेना आणि त्यांचा रोज बुडायला लागला. त्या बायका-माणसांनी कुणाला विचारायचं? सुरक्षेचा विषय इथपर्यंत येतो. सेमिनारमध्ये हे बोला.

बचावाच्या स्लाइडवर ‘अमुक पद्धत वापरली की प्रश्न सुटतो’ असं एकही वाक्य नको. २०१८ च्या एका मोठ्या परिषदेत स्वीकारलेल्या नऊ बचावांची अथाल्ये, कार्लिनी आणि वॅग्नर यांनी तपासणी केली. त्यातले सात एकाच प्रकारच्या लपवाछपवीवर उभे होते, पिक्सेल कोणत्या दिशेनं सरकवायचे हे हल्लेखोराला कळू न देण्यावर. त्या सातांपैकी सहा पूर्ण मोडले, एक अर्धवट. तुमचा बेस पेपर बचावाचा असेल तर तो नंतर कुणी मोडलाय का, हे आधी शोधा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. माझा पॅच मी वापरलेल्या मॉडेलवर चालला, प्रत्येक मॉडेलवर तितका चालत नाही. आतली रचना माहीत नसतानाचे हल्लेही आहेत, पण ते जास्त अवघड असतात, तेव्हा जपून दावा करा. तयार मॉडेल डाउनलोड करताना त्यातच आधीपासून खोड पेरलेली असू शकते. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाटीवर पिवळा चिटोरा दिसला की चुकणारं मॉडेल बनवून दाखवलं होतं. वेळ उरला तर घ्या, नाहीतर सोडा. आणि प्रत्येक धोक्यामागे हल्लेखोर असतोच असं नाही. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स या माणसाला चेहऱ्याच्या चुकीच्या जुळणीवरून त्याच्या घरासमोर, बायको-मुलींदेखत अटक झाली. तिथे कुणी स्टिकर लावला नव्हता. पोलिसांनी मशीनचं उत्तर खरं मानलं, एवढंच.

डेमो स्वतःच्या लॅपटॉपवर, डाउनलोड केलेल्या मॉडेलवर करा. कॉलेजच्या हजेरीच्या मशीनवर, गेटवर किंवा आधारशी जोडलेल्या कशावरही लेखी परवानगीशिवाय हात लावू नका, मित्र कितीही चढवू देत.

स्लाइड्स दहा-बारा पुरतात. रिपोर्टचा फॉरमॅट डिपार्टमेंटनं दिला असेल तोच ठेवा. प्रिंट मॅट फोटो पेपरवर काढा, ग्लॉसी नको, आणि आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच उजेडात एकदा चालवून बघा.