आधी वाफसा, मग बियाणे : भाद्रपद-आश्विनातील परसबाग

गणपती उठले की परसबागेचे प्रश्न सुरू होतात. पाऊस उघडीप देतो, ऊन पडतं आणि वाफ्यात काहीतरी टाकावं असं प्रत्येकाला वाटू लागतं. या पंधरवड्यात आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र देत आहे. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न शब्द बदलून अनेकांनी विचारला.

सासवडच्या एक ताई विचारतात : दर वर्षी विसर्जन झालं की मेथी-कोथिंबीर टाकते. उगवण चांगली होते, पण आठ दिवसांत रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. बियाणं खराब लागतं का?

ताई, उगवण चांगली होते म्हणजे बियाणं चांगलंच आहे. दोष ओल्या मातीचा आहे. या रोगाला रोपे कोलमडणे म्हणतात. मातीतली बुरशी कोवळ्या रोपाचं बूड कुजवते आणि पावसाने गच्च झालेल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत तिचं फावतं. म्हणून तारीख पाहून पेरू नका, वाफसा पाहून पेरा, म्हणजे मातीतली ओल पेरणीजोगी उतरली का ते पाहून. मूठभर माती हातात दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचताच मोकळा झाला, तर वाफसा आला. बोटाला चिकटून राहिला तर थांबा. तुमच्याकडे काळी माती असेल तर पाऊस थांबल्यावरही चार-सहा दिवस जातात. या दिवसांत कुदळ अजिबात घालू नका. ओल्या काळ्या मातीची एकदा ढेकळं झाली की हंगामभर फुटत नाहीत, आणि मेथीचं नाजूक मूळ त्यातून वाट काढू शकत नाही.

वाफसा आला की सपाट वाफ्याऐवजी गादीवाफा करा : एक मीटर रुंद, वीतभर उंच, लांबी जागेप्रमाणे. पाच किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा, हलकं पाणी शिंपडा आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर ठेवा. हे खत वाफ्याच्या वरच्या थरात मिसळा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे, ती रोगाच्या बुरशीला वाढू देत नाही. पेरताना पाव किलो बियाण्याला अर्धा चमचा ट्रायकोडर्माही चोळा.

धणे अख्खे टाकू नका. फळीखाली हलके रगडून दोन फोडी करा, बारा तास पाण्यात भिजवा, सावलीत सुकवा आणि मग पेरा. बी मुठीने फेकण्यापेक्षा ओळीत, विरळ पेरा. दाट रोपांत हवा खेळत नाही. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पानांवर राहतं.

दुसरं म्हणजे, सगळं बी एकाच दिवशी संपवू नका. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो आणि हत्तीचा पाऊस आला तर तासाभरात वाफा धुऊन नेतो. पुण्याकडे मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माघार घेतो, पाठोपाठ ऑक्टोबरचं ऊन तापतं. आज एक वाफा, दहा दिवसांनी दुसरा, मग तिसरा असं पेरलं तर एखादा गेला तरी बाकीचे हाती लागतात. शिवाय मेथी महिन्याभरात आणि कोथिंबीर सहा आठवड्यांत काढायला येते. एकदम तयार झालेली जुडी घरात किती खाणार?

बियाण्याबद्दल शंका असेलच तर घटस्थापनेची परडी आठवा. नऊ दिवस मातीत धान्य उगवून पाहणं ही माझ्या मते रब्बीच्या तोंडावर बियाणं पारखायची घरोघरी जपलेली उत्तम रीत आहे. ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि आठ-दहा दिवसांनी कोंब मोजा. सत्तरपेक्षा कमी आले तर बियाणं बदला.

पुण्यातील एक निवृत्त शिक्षक विचारतात : गच्चीवर कुंड्यांत फ्लॉवरची रोपं लावली होती. लिंबाएवढे गड्डे आले आणि तिथेच थांबले. या वर्षी काय करू?

सर, रोपवाटिकेत ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेलं रोप लावलं किंवा जात हंगामाला जुळली नाही की असे बटणासारखे गड्डे येतात. नत्र कमी पडलं तरीही तेच होतं. रोप घेताना उंच आणि देखणं बघू नका. पंचवीस-तीस दिवसांचं, चार-पाच पानांचं, बुटकं रोप घ्या. जातीचं नाव विचारा. स्नोबॉल-१६ सारख्या जातीला थंडी लागते, म्हणून तिचं बी आता ट्रेमध्ये टाका आणि रोपं ऑक्टोबरअखेर कुंडीत हलवा. एका बारा इंची कुंडीत एकच रोप.

कुंडीतली जुनी माती मात्र तशीच वापरू नका. चार महिन्यांच्या पावसाने तिच्यातलं अन्न वाहून गेलेलं असतं. वरची तीन-चार बोटं माती काढून तिथे गांडूळखत भरा. तळाची भोकं मुळांनी किंवा गाळाने बुजली आहेत का, ते काडी घालून पाहा. रोपं रुजेपर्यंत दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या, नंतर ती काढून टाका. कायम सावलीत फ्लॉवर नुसता पानांनी वाढतो.

दापोलीहून एक तरुण बागायतदार : घरामागे हापूसची चार मोठी झाडं आणि दोन नवी कलमं आहेत. पाऊस गेला की पाणी सुरू करू का?

दादा, मोठ्या झाडांना नाही. मोहोर येण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण लागतो. आता पाणी आणि नत्र दिलं तर पालवी फुटेल, मोहोर मागे पडेल. नव्या कलमांची गोष्ट वेगळी आहे. जांभ्या जमिनीत ओल टिकत नाही, त्यामुळे पहिली तीन वर्षं पावसानंतर त्यांना पाणी हवंच. आळ्यात कापलेल्या गवताचं जाड आच्छादन करा, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा. मोठ्या झाडांवर आता एकच काम : बांडगूळ शोधा आणि चिकटलेल्या जागेच्या हातभर खालून फांदीसकट कापा. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं.

गुलाबाची छाटणी कधी? पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. नाशिककडे द्राक्षाचीही ऑक्टोबर छाटणी होते, तेव्हा हवामानाचा अंदाज बांधायला तो चांगला इशारा आहे. बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. दीड-दोन महिन्यांत फुलं येतील.

शेवंतीला कळ्याच धरत नाहीत, असं ठाण्याच्या एका ताईंनी कळवलं आहे. ताई, तुमच्या गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. शेवंती लांब रात्र मिळाली की कळ्या धरते, रात्री उजेड पडला तर तिच्यासाठी दिवस संपतच नाही. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा, खत बदलण्याची गरज नाही.

गोगलगायींचा त्रास कोल्हापूरच्या दोघांनी कळवला आहे. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याशेजारी पसरा. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र टाकू नका, माती खराब होते.

सातारा जिल्ह्यातील एका आजींचा प्रश्न सर्वांत लहान आहे : मांडवावरचा दोडका जून झाला, वेल उपटू का?

आजी, अजून नको. वेल निरोगी असेल तर मधल्या भागातले दोन सरळ, कीड नसलेले दोडके वेलावरच वाळू द्या. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की काढा. भेंडीच्याही चार शेंगा तशाच ठेवा. फक्त संकरित बियाण्याचं पीक असेल तर हे करू नका, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० च्या पद्मश्री सन्मानापर्यंत नेलं ते गावठी वाण जपण्याच्या याच कामाने. बी सावलीत सुकवा, चाळलेली कोरडी राख मिसळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर वाणाचं नाव आणि महिना नातवंडांकडून लिहून घ्या. पुढच्या मृगात डबा उघडाल तेव्हा कोणतं बी कशाचं, हे विचारायची वेळ येणार नाही.