फोन वाजला की छातीत धडधडतं

सांगली जिल्ह्यातली एक मुलगी लिहिते: "मावशी, मी २७ वर्षांची आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठातून पाच वर्षांचा कोर्स केला. तीन वर्षांपासून मुंबईत लोअर परळच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये आहे. हातात १ लाख ३५ हजार येतात. रोज चौदा तास काम, शनिवारीही. रविवारी फोन वाजला तरी छातीत धडधडतं, झोप उडालीय. शैक्षणिक कर्जाचे साडेपाच लाख बाकी आहेत. पुण्यातल्या एका कंपनीच्या लीगल विभागात ८५ हजारांची नोकरी मिळतेय, आठवड्याला ४५ तास. फर्मचे पार्टनर म्हणतात, बाहेर रांग लागलीय, विचार करून बोल. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, माझा पगार सगळ्या गावाला सांगतात. मला खरं तर कोर्टात उभं राहायचं होतं. काय करू?"

बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पगाराचा आणि कर्जाचा हिशेब तू नीट मांडलास. झोपेबद्दल मात्र दोनच शब्द लिहिलेस. मी तिथूनच सुरुवात करते.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. धडधड कामाच्या ताणाने असेल, थायरॉइडने असेल, रक्त कमी झाल्यानेही असेल. तपासल्याशिवाय कळणार नाही. तुझ्या ऑफिसपासून केईएम रुग्णालयाची ओपीडी जवळ आहे. रात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लाव. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. नोकरीचा निर्णय त्यानंतर. सलग चार रात्री नीट झोप झाल्याशिवाय राजीनाम्याचा मेल लिहू नकोस, आणि "नाही, मी थांबते" असंही कोणाला सांगू नकोस.

आता पैशाचं. चौदा तासांचे सहा दिवस म्हणजे आठवड्याला ८४ तास, महिन्याला साधारण ३६०. तुझ्या पगाराला त्याने भाग, तासाला पावणेचारशे रुपये पडतात. पुण्याच्या नोकरीत महिन्याचे १९५ तास धरले तर तासाला ४३५ च्या आसपास. तू आज जास्त मिळवतेस ते जास्त तास विकून. टाइमशीटवर सहा-सहा मिनिटांचा हिशेब अशिलासाठी लिहितेस, तसा एकदा स्वतःसाठी लिही. त्यात रात्रीच्या टॅक्स्या, बाहेरचं खाणं आणि पित्ताच्या गोळ्याही धर.

रांगेची भीती खोटी नाही. दरवर्षी किती मुलं बाहेर पडतात आणि चांगल्या फर्ममध्ये जागा किती, हे मला ठाऊक आहे. पण ती रांग पहिल्या वर्षाच्या मुलांची आहे. तीन वर्षं ड्यू डिलिजन्स, म्हणजे व्यवहाराआधी कंपनीची कागदपत्रं तपासण्याचं काम केलेली, करारातली खोच पहिल्या वाचनात पकडणारी मुलगी त्या रांगेत उभी नसते. पुण्याची कंपनी तुझ्या दारात आली, हाच पुरावा. आणि एक गोष्ट कर, तुझा स्वतःचा करार काढून वाच. बऱ्याच फर्म वकिलांना नोकर म्हणून घेत नाहीत, रिटेनर म्हणून, म्हणजे ठरावीक फी देऊन बाहेरचा वकील म्हणून घेतात. मग पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. नोटीस पिरियड किती, बोनस कधी हातात पडतो, मध्येच सोडलं तर तो बुडतो का, हे बघ. आपण दुसऱ्यांचे करार ओळ न ओळ वाचतो आणि आपल्यावर घाईत सही करून मोकळ्या होतो. मीही तेच केलं होतं.

पत्राच्या शेवटी एक वाक्य तू घाईने लिहून टाकलंस, कोर्टात उभं राहायचं होतं. माझ्या मते तुझा खरा प्रश्न तिथे आहे. म्हणून पुण्याला हो म्हणण्याआधी हे माहीत असू दे: पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते, बार कौन्सिलला तसं कळवावं लागतं. पुढे ती पुन्हा चालू करता येते. पण दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचार कधी मनात आला असेल, तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. कंपनीतली वर्षं त्यात धरली जातील या भरवशावर राहू नकोस.

आणि तुझ्या भागात मोठा बदल झालाय. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ, कोल्हापुरात बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळे त्यात आले. आमच्या पिढीच्या वकिलांनी यासाठी चाळीस वर्षं मागणी केली, आंदोलनं केली. अपील लिहिता येणारी, इंग्रजी ड्राफ्टिंग पक्कं असलेली ज्युनियर तिथे सिनियरांना हवीच असणार. पैसे मात्र सुरुवातीला फार कमी. २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरात महिन्याला २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, हातात पडतीलच असं नाही. मला पहिलं वर्षभर सिनियरांकडून एसटीच्या भाड्यापुरते पैसे मिळत होते. वडिलांच्या घरी राहत होते म्हणून निभावलं. तुझ्यावर कर्ज आहे.

म्हणून माझं मत असं. पुण्याची नोकरी घे, पण तिला तारीख लावून घे. महिन्याला ३० हजार कर्जात टाकलेस तर दीड-दोन वर्षांत ते फिटतं. त्याच काळात सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे वेगळे ठेव. शनिवारी कोल्हापूरला जाऊन सिनियर वकिलांच्या दोन-तीन चेंबरमधल्या लोकांशी बोल, ओळखी कर. फर्ममध्ये कर्ज लवकर फिटेल हे खरं, पण तोवर तुझी तब्येत टिकेल असं मला पत्रावरून वाटत नाही. पुण्यात गेल्यावर कोर्टाची ओढच उरली नाही, तर तिथेच सुखाने राहा. त्यात कमीपणा काही नाही.

राहिले बाबा. त्यांना फोनवर सांगू नकोस, घरी जा. पगार किती कमी होणार हे नंतर सांग. आधी सांग की गेल्या महिन्यात किती रात्री तीन वाजता टॅक्सीतून उतरलीस आणि सकाळी दहाला परत टेबलावर होतीस. त्यांनी आयुष्यभर मुक्कामाच्या गाड्या नेल्यात. झोप न झालेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नसतं, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.