मन खंबीर ठेवलं, आहार-व्यायाम सांभाळला, तर कॅन्सर बरा व्हायला खरंच मदत होते का?

तुम्ही लिहिलंय, वडिलांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, चौथी केमो पुढच्या आठवड्यात आहे, आणि केमोच्या आदल्या संध्याकाळपासूनच त्यांना उमासे येतात, घास खाली उतरत नाही. घरचे म्हणतात, "हे मनाचे खेळ आहेत, मन घट्ट करा." एकजण साखर बंद करा म्हणतो, दुसरा म्हणतो केमो सोडा आणि ध्यान-काढ्यांवर या. यातलं खरं किती, असा तुमचा प्रश्न.

मला हाच आजार 2019 मध्ये झाला. तिसरी स्टेज. आधी ऑपरेशन, मग आठ केमो. दर तीन आठवड्यांनी एक औषध सलाईनमधून आणि त्यापुढे चौदा दिवस गोळ्या. मी साताऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. डॉक्टर नाही. पण तुमचे वडील ज्या वाटेवर आहेत ती मी चालून आलेय, आणि नंतर या विषयावरचं हाताला लागेल ते वाचत आलेय.

आधी उमाशांचं सांगते, कारण केमो आठवड्यावर आलीय.

पहिल्या केमोला तोंडाला लोखंडासारखी चव येत होती म्हणून ह्यांनी संत्र्याच्या गोळ्यांची पुडी आणली. तिन्ही वेळा सलाईन चालू असताना ती गोळी माझ्या तोंडात. चौथ्या वेळी रिक्षा हॉस्पिटलच्या फाटकातून आत वळली, फिनेलचा वास आला आणि मी रिक्षातच ओकले. सुई टोचायला अजून दोन तास होते! पुढच्या आठवड्यात सून नातवाला संत्रं सोलून देत होती, तर त्या वासानेसुद्धा पोटात ढवळून आलं. मला स्वतःची लाज वाटली. वाटलं, आपण एवढ्या कमकुवत मनाच्या कशा?

वॉर्डातल्या सिस्टरने माझी पाठ चोळत सांगितलं, "मॅडम, तुमच्या मेंदूने धडा पाठ केलाय, त्यात तुमचा काय दोष?" खाण्याबरोबर घंटेची सवय लागली की नुसती घंटा वाजली तरी पाव्हलोव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. इथे घंटेच्या जागी फिनेल आणि संत्र्याची गोळी. औषधाने खरी ओकारी होत होती तेव्हा जो वास, जी चव आजूबाजूला होती, तिच्याशी मेंदूने गाठ मारली. मग औषध अंगात जायची गरजच उरली नाही. केमो घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे होतं आणि डॉक्टरांना ते चांगलं ठाऊक असतं. मन आणि शरीर एकमेकांत किती गुंतलेलं आहे याचा मला मिळालेला हा सगळ्यात सरळ पुरावा. आणि म्हणूनच "मन घट्ट करा" म्हणून हे थांबत नाही. घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

करता येतं ते असं. केमोच्या आधीच डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. आदल्या रात्री घ्यायची गोळी असते, ओकारीची औषधंही बदलून किंवा वाढवून देता येतात. प्रत्येक खरी ओकारी टाळली की मेंदूने मारलेली ती गाठ सैल पडत जाते. दुसरं, सिस्टरने मला ताणा-सोडा शिकवलं. दोन्ही मुठी पाच आकडे घट्ट आवळायच्या, मग हळूहळू सोडायच्या. तसंच खांदे, पोट, पोटऱ्या, पावलं. सोडताना लांब उच्छ्वास. मी त्याला नामस्मरणाची जोड दिली, एका उच्छ्वासाला एक नाम. हे घरी आठवडाभर रोज दोनदा करायचं, म्हणजे रिक्षात बसल्यावर शरीराला ते आधीच येत असतं. आणि केमोच्या दिवशी वडिलांना त्यांच्या आवडीचं काही खायला देऊ नका. चांगल्या हेतूने दिलेला तो पदार्थ कायमचा तुटतो. मी संत्रं अजून खाऊ शकत नाही.

आता मन खंबीर ठेवण्याबद्दल. ऑपरेशननंतर माझ्या नणंदबाई भेटायला आल्या. पलंगाशी बसून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता, म्हणून हे झालं. आता तरी आनंदी राहा." त्यांना काळजीच होती, मला ठाऊक आहे. पण त्यानंतर कित्येक रात्री मी जुने प्रसंग उकरत पडायचे. शाळेतली बदली, सासूबाईंचं आजारपण, कुठल्या दिवशी मी हे ओढवून घेतलं? रडू आलं की आणखी भीती: रडले म्हणजे आजार वाढणार. ही शिक्षा कुणालाही देऊ नये.

या गोष्टीची तपासणी झालेली आहे. 1989 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, स्तनाचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या बायकांवरचा. आठवड्यातून एकदा गटात बसून मन मोकळं करणाऱ्या बायका इतरांपेक्षा जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर चर्चा झाली. मनाने कॅन्सर बरा होतो असं आज जे ऐकू येतं, त्याला त्या अभ्यासाने बळ मिळालं. पण तोच प्रयोग कॅनडात 235 बायकांवर नीट करून पाहिला, त्याचा निकाल 2001 मध्ये आला. आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. पुढे 2007 मध्ये डोक्याच्या आणि मानेच्या भागातल्या कॅन्सरच्या हजाराहून जास्त रुग्णांवरचा अभ्यास आला. कोण किती प्रसन्न होतं यावरून कोण जगणार हे ठरत नव्हतं.

मला हे वाचून हलकं वाटलं. वडिलांनाही सांगा की रडलं, चिडलं, एखाद्या दिवशी तोंड फिरवून पडून राहिलं, तर त्याने गाठ वाढत नाही. मनाची काळजी घ्यायची ती त्यांचे दिवस बरे जावेत म्हणून. उपचार अर्ध्यावर सुटू नयेत म्हणूनही, कारण खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, तपासणी टाळतो, आणि मग त्याची किंमत शरीर मोजतं. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, कशातच रस नाही, "मी कुणाला भार नको" अशी भाषा सुरू झाली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला संकोच करू नका. मी गेले होते. पाच-सहा महिने एक गोळी घेतली आणि पहिल्यांदा सलग झोपले.

मग शरीराच्या बाजूने काही करता येतं का? येतं, आणि इथे मला खरंच भरभरून सांगायचंय.

केमोच्या दिवसांत मी फार चालू शकत नव्हते. थंडीचे दिवस, आणि ते सलाईनमधलं औषध असं की गार वस्तूला हात लावला की बोटांतून वीज जाते. पहाटे स्टीलच्या तांब्याला हात लागला की मी ओरडायचे. पुढे गोळ्यांनी तळपाय लाल होऊन सोलवटले. तरी सुती मोजे घालून या खोलीतून त्या खोलीत, जमेल तेवढं. मार्च 2020 मध्ये शेवटच्या गोळ्या संपल्या आणि आठवड्याभरात लॉकडाऊन. मग गच्ची. फेऱ्या मोजायला मी दोन वाट्या घेतल्या, एकीत चिंचोके. एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. पहिल्या दिवशी चार चिंचोके हलले आणि मी कठड्याला धरून बसले. महिन्याने चाळीस. दिवाळीनंतर हे आणि मी साताऱ्यातल्या टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चढून गेलो, वाटेत तीनदा थांबत. नंतर आठवड्यातले चार-पाच दिवस, पाऊण तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने.

थकवा चालण्याने उतरतो हे तेव्हा कुणी पटवून दिलं असतं तरी पटलं नसतं. केमोचा थकवा झोपून जात नाही, उलट झोपून वाढतो. यावर व्यायामाइतका चांगला परिणाम दाखवणारं दुसरं काही फारसं नाही.

आणि 2025 मध्ये एक बातमी आली, ती मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांची चाचणी, बहुतेक केंद्रं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली. सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो झालेली. अर्ध्यांना व्यायामाची पुस्तिका दिली, अर्ध्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम, बहुतेकांच्या बाबतीत झपझप चालणंच. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात शंभरातले 90 जण हयात होते, पुस्तिकेच्या गटात 83. आजार उलटण्याचं प्रमाणही कमी. शंभरात सात माणसं म्हणजे सात घरं. केमोच्या काही औषधांचा फायदासुद्धा एवढाच असतो. गुडघे, स्नायू दुखावण्याच्या तक्रारी मात्र व्यायाम करणाऱ्यांत जास्त होत्या, म्हणून हळूहळू वाढवायचं. मी आज ठणठणीत आहे ती चालण्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. एका माणसावरून ते कळत नाही. आणि त्या चाचणीतल्या प्रत्येकाने केमो आधी पुरी केली होती. चालणं तिच्या जागी आलं नव्हतं, तिच्या पाठीवर उभं होतं.

योगाचंही तसंच. परळच्या टाटा हॉस्पिटलने स्तनाच्या कॅन्सरच्या शेकडो रुग्णांवर उपचारांबरोबर योगाची मोठी चाचणी केली, आणि थकवा कमी होऊन रोजचं जगणं सुधारल्याचं त्यांना दिसलं. वडिलांना चालण्याऐवजी सोपी आसनं आणि प्राणायाम आवडत असेल तर जरूर. फक्त ऑपरेशनच्या जागेवर ताण येईल असं काही करण्याआधी सर्जनला विचारा, नाहीतर हर्निया व्हायचा.

साखरेबद्दल. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं. पण चहातली साखर बंद केली म्हणून रक्तातली साखर संपत नाही. शरीर ती भातातून, भाकरीतून, शेवटी स्वतःच्या स्नायूंतून काढतं. आमच्या घरी महिनाभर गूळ-साखर, भात सगळं बंद झालं होतं. वजन चार किलो उतरलं आणि आहारतज्ज्ञ बाई ह्यांच्यावर चक्क रागावल्या. केमोत वजन टिकवायचं असतं. अंडं, पनीर, डाळीचं घट्ट वरण, नाचणीची आंबील, आणि जे जाईल ते थोडंथोडं. पांढऱ्या पेशी खाली असताना कच्ची मोड आलेली कडधान्यं, बाहेरची कापलेली फळं नकोत. मधुमेह असेल तर अर्थात डॉक्टर सांगतील तसं. दारू आणि तंबाखू, मिश्रीसकट, कायमची बंद. यात मला काही सवलत दिसत नाही.

काढा मीही घेतला. पाचव्या केमोआधी एका नातेवाइकांनी गुळवेलीचा आणून दिला, "नैसर्गिक आहे, डॉक्टरांना सांगायची गरज नाही" म्हणाले. दोन आठवड्यांनी लिव्हरचे आकडे वाढलेले, केमो आठवडाभर पुढे गेली. केमोच्या गोळ्यांनीही ते वाढतात, त्यामुळे दोष नक्की कशाचा हे ठरवायला डॉक्टरांना मार्गच राहिला नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्यांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा मला तो तांब्याचा पेला आठवला.

आणि केमो सोडून नुसतं ध्यान-काढा? नको. हात जोडून सांगते. अमेरिकेतला 2018 चा अभ्यास आहे. न पसरलेला, म्हणजे बरा होण्यासारखा कॅन्सर असताना ज्यांनी केवळ पर्यायी उपचार निवडले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर चार पटीहूनही जास्त. असा सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारा की पुढच्या वर्षी स्कॅनला तुम्ही बरोबर येणार का.

अजून एक, घरात थर्मामीटर ठेवा. केमोच्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा. घरची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका.