पेन्सिल दुसऱ्या वाचनाला

तुझं पत्र वाचलं. कादंबरी अडकली आहे, रोज फाइल उघडतेस आणि मिटतेस. त्यात मित्राने त्याची कथा वाचायला दिली आणि तू लिहितेस, "माझंच होत नाही, दुसऱ्याचं कुठे वाचत बसू?" वाच. त्याचं भलं होईल म्हणून नव्हे, तुझा हात सुटेल म्हणून.

मात्र वाचताना एक धरून ठेव: त्याला काय लिहायचंय ते ओळखायचं, तुला काय लिहावंसं वाटतं ते नाही. हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

आधी त्याला विचार, खर्डा कितवा आहे आणि नेमकं काय हवंय. पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखन तपासणं म्हणजे वेळेची नासाडी. ती वाक्यं उद्या राहणारच नाहीत. दहा-बारा पानं असतील तर एका बैठकीत, हातात काही न घेता वाच. मग कागद बाजूला ठेवून तीन ओळींत लिही: कथा कोणत्या पात्राची, त्या पात्राला काय हवंय, शेवटी काय बदललं. हे तुझं टिपण त्याला सगळ्यात आधी दे. त्याच्या मनातली कथा आणि तुझ्या तीन ओळी जुळल्या नाहीत, तर बाकीचे शेरे निम्मे फुकट आहेत.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल घे. खुणा तीनच: नजर घसरली तिथे आडवी रेघ, मागे जाऊन वाचावं लागलं तिथे फुली, थांबून पुन्हा वाचावंसं वाटलं तिथे उभी रेघ. उभ्या रेघा विसरू नकोस. चांगलं काय ते कळलं नाही, तर लोक पुढच्या खर्ड्यात नेमकं तेच खोडून टाकतात.

आता एक जागा जवळून बघ. आपल्याकडच्या कथांत हमखास असा परिच्छेद भेटतो: "खोलीत अंधार होता. खिडकी बंद होती. टेबलावर पत्र होतं." तुला लगेच सुचेल, "अंधारात चाचपडताना हाताला पत्र लागलं." सुचू दे. पण त्याच्या समासात ते लिहू नकोस! तिथे एवढंच लिही: "इथे सगळं नुसतं आहे, कोणी काही करत नाही." सुचलेलं वाक्य स्वतःच्या वहीत उतरव. कदाचित त्याला ती खोली तशीच गोठलेली हवी असेल; कथा त्याची आहे. वाक्य मात्र तुझं आहे, आणि कित्येक दिवसांत न सुचलेलं आहे. मग तुझ्या अडकलेल्या प्रकरणातले "होता-होती-होतं" मोज. दुसऱ्याच्या पानावर जे खटकलं, ते आपल्या पानावर त्यानंतरच दिसायला लागतं.

इंग्रजी कवी टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या १९२२ सालच्या दीर्घ कवितेचे मूळ खर्डे १९७१ मध्ये छापून आले. त्याचा कवीमित्र एझरा पाउंड याने त्यात सपाटून काटछाट केलेली दिसते, तरी कविता एलियटचीच राहिली. मिळाले तर समास बघ.

बिघडतं कुठे? एक तर शेऱ्यांचा पाऊस पडतो. दहा पानांवर तीस शेरे आले की लेखक किरकोळ सगळे दुरुस्त करतो आणि मोठा प्रश्न तसाच ठेवतो. मोठे तीन निवड, बाकीचे गाळ. दुसरं, मदत ही पळवाट होते. सकाळचा पहिला तास तुझ्या पानाचा, मग इतरांची हस्तलिखितं. महिन्याला दोनच्या वर नकोत. आणि कादंबरी चालू असताना शक्यतो दुसऱ्याची कादंबरी घेऊ नकोस, त्याचा सूर नकळत तुझ्यात शिरतो. कथा घे, कविता घे.

इतरांच्या कागदांत आयुष्य घालवलं, असं माझ्याबद्दल बोलतात, तूही ऐकलं असशील. बोलू देत. लिहायला जे काही येतं, ते त्या समासांतच शिकलो, आणि ज्यांना हा वेळ वाया गेलेला वाटतो त्यांची पुस्तकं वाचून माझं मत बदललेलं नाही.

असो. मित्राला आजच हो म्हण. त्याचा पुढचा खर्डा आला की जुना शेजारी ठेव आणि आधी फुल्यांच्या जागा बघ. त्याने केलेली दुरुस्ती तुझ्या वहीतल्यापेक्षा वेगळी निघाली, तर दोन्ही मला पाठव.