काखेतला घाम

‘रात्रभर पाठ करतो, सकाळी कोरं. मी डॉक्टर व्हायच्या लायकीचाच नाही का?’ एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला गेलेली खेड्यातली मुलं कॉलेजची पहिली चाचणी झाली की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचं बोट दोनच विषयांवर असतं, फिजिऑलॉजी म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते, आणि बायोकेमिस्ट्री म्हणजे शरीरातलं रसायन. गेल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातली एक मुलगी वडिलांसोबत आली होती, तिची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दहावीपर्यंत मराठी शाळा, नीटमध्ये चांगले मार्क, गावातली पहिली डॉक्टर होणार म्हणून सत्कारही झालेला. आणि चाचणीत दोन्ही विषयांत नापास. “पोरगी धड जेवत नाई जी,” वडील म्हणाले. “शिक्षण सोडून घरी येतो म्हणते.”

आधी मी तिची झोप, भूक आणि मनात येणारे विचार नीट विचारून घेतले. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारलं. हा प्रश्न कधीच टाळू नये. उत्तर ‘हो’ असतं, तर तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं असतं. तसं नव्हतं. मग मात्र माझी चूक झाली. मी तिला तासातासाचं वेळापत्रक आखून दिलं. तीन आठवड्यांनी ती आली ती आणखी खचून. पहाटे चारला उठून तेच पाठांतर, आणि तेच कोरं पान.

मी स्वतः बायोकेमिस्ट्री शिकून समुपदेशनाकडे वळले, म्हणून या वेळी सरळ विषयालाच हात घातला. क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रियांचं एक चक्र, विचारली. तिनं डोळे मिटले आणि सायट्रेटपासून ऑक्झॅलोअॅसिटेटपर्यंत सगळी नावं पाढे म्हणावेत तशी एका दमात म्हटली. “हे पेशीत चालतं कुठं? अन् कशासाठी?” ती गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणजे स्मरणशक्तीत काही खोट नव्हती. तिच्याजवळ नुसती नावं होती, ती नावं ज्यांची आहेत त्या गोष्टी नव्हत्या.

वाट वडिलांच्या बोलण्यातून सापडली. “मले फवारणी लागली होती नं, तवाच हिनं डॉक्टर व्हाचं ठरवलं.” कपाशीवर फवारताना त्यांना विषबाधा झाली होती. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात अशी किती माणसं गेली ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. तिचे वडील त्यातून वाचले. दवाखान्यात पोरगी रात्रभर उशाशी बसून होती.

“काय काय पाहिलं तू?” मी विचारलं. तोंडातून लाळ, अंगाला धारा, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर अॅट्रोपीन या औषधाचं इंजेक्शन द्यायचे, थोड्या वेळानं छाती ऐकायचे आणि काखेत बोटं घालून पाहायचे.

“काखेत काहून?”

ती विचारात पडली. मग वही उघडली. मज्जातंतूच्या टोकाशी असिटिलकोलीन सुटतं, निरोप पोचवतं, आणि असिटिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक त्या एन्झाइमच्या सेरीन नावाच्या नेमक्या घटकावर जाऊन बसतं. तोडणाराच अडकला, मग निरोप थांबणार कसा? लाळ, घाम, छातीतलं पाणी, सगळं त्यातूनच. अॅट्रोपीन तो निरोप ग्रंथींपाशी अडवतं. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नसा सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या जातीच्या, पण त्यांच्या टोकाशी त्या जातीचं नेहमीचं नॉरअॅड्रिनॅलीन नाही, असिटिलकोलीनच सुटतं. हे वाक्य तिनं ‘अपवाद’ म्हणून लाल शाईनं लिहून ठेवलं होतं आणि चाचणीत तेच चुकवलं होतं. आता ती हळूच म्हणाली, “अॅट्रोपीन पुरेसं झालं का ते पाहत होते. काख कोरडी झाली का.” शेजारी बसलेल्या वडिलांनी नकळत स्वतःच्या काखेला हात लावला.

त्या दिवशी आम्ही वेळापत्रक फाडलं. रोज एकच गोष्ट घ्यायची, शक्यतो डोळ्यांनी पाहिलेली: घोटभर चहा, एप्रिलच्या उन्हातलं चालणं, गावात सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेला मुलगा. आधी ती आपल्या वऱ्हाडीत कुणाला तरी समजावून सांगायची, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर चित्र काढायचं, आणि इंग्रजी शब्द शेवटी भरायचे. इंग्रजी टाळायचं नाही, पेपर इंग्रजीतच आहे. पण समज आधी, शब्द मागून. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, हे तिला पुन्हा पाठ करावं लागलं नाही. त्या मुलाचे दुखरे सांधे तिनं पाहिलेले होते.

पुढच्या चाचणीत फिजिऑलॉजी निघाला. बायोकेमिस्ट्री थोडक्यात राहिला. या वेळी ती रडली नाही.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आली, सोबत एक कागद. “मॅडम, एक राहून गेलं होतं. अॅट्रोपीननं बाबांचा घाम थांबला, पण मांडीचं मांस फडफडतच होतं. ते काहून, मी शोधलं.” कागदावर स्नायू आणि मज्जातंतू काढलेले होते, आणि असिटिलकोलीनचा निरोप घेणाऱ्या दोन जातींच्या जागा. घामाच्या ग्रंथीपाशी लिहिलं होतं ‘मस्कॅरिनिक’, स्नायूपाशी ‘निकोटिनिक’, आणि त्या दुसऱ्या शब्दाखाली पेन्सिलीनं, ‘अॅट्रोपीन इथं बसत नाई’.